टी. माधवराव

राजा सर टांजोर माधवराव (जन्म : कुंभकोणम, २० नोव्हेंबर १८२८, मृत्यू : मैलापूर, मद्रास, ४ एप्रिल १८९१) हे एकोणिसाव्या शतकातील भारतीय प्रशासक व मुत्सद्दी होते. त्रावणकोर (१८५७–१८७२), इंदूर (१८७३–१८७५) आणि बडोदे (१८७५–१८८२) अशा तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी सांभाळले. बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) अल्पवयीन असताना राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्याच हाती होती. कर्जबाजारी संस्थाने सावरणारा दिवाण म्हणून त्यांची ख्याती आहे. मात्र हे सावरणे ज्या गोष्टीमुळे शक्य झाले, तिची चर्चा तुलनेने कमी होते. नियमित पगार मिळणारा, ठरलेल्या नियमांनी चालणारा आणि वरिष्ठांच्या लहरीवर नोकरी अवलंबून नसलेला नोकरवर्ग उभा करणे हे माधवरावांच्या कारभाराचे मुख्य सूत्र होते.

त्रावणकोर, म्हैसूर व बडोदे या संस्थानांचे पुढील काळातील दिवाण व्ही. पी. माधवराव हे वेगळे गृहस्थ होत. तेही कुंभकोणमच्या तंजावरी मराठी समाजातील असल्याने दोघांच्या नावांत अनेकदा गोंधळ होतो.

कुटुंब व शिक्षण

माधवरावांचा जन्म तंजावरकडील मराठी भाषिक देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. भोसले घराण्याच्या राजवटीत तंजावर परिसरात स्थायिक झालेल्या अशा अनेक कुटुंबांनी लेखणी व हिशेब यांच्या बळावर दक्षिणेतील दरबारांत आणि पुढे कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत स्थान मिळवले होते. माधवरावांचे वडील रंगराव व चुलते वेंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेले होते. चुलतभाऊ आर. रघुनाथराव हे पुढे इंदूरचे दिवाण झाले. दिवाणगिरी हा या घराण्याचा जणू पिढीजात व्यवसाय होता. असे असूनही माधवरावांची सुरुवात वशिल्याच्या जागेवर झाली नाही.

त्यांचे शिक्षण मद्रासच्या सरकारी हायस्कुलात झाले. हीच संस्था पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज म्हणून नावारूपाला आली. तेथे आयर बर्टन पॉवेल या गणिताच्या प्राध्यापकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. गणित व विज्ञान हे त्यांचे आवडीचे विषय होते. १८४६ मध्ये शिक्षण संपवून त्यांनी काही काळ त्याच संस्थेत अध्यापन केले आणि त्यानंतर मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरी धरली. जमाखर्चाच्या कोरड्या कामात घालवलेली ही दोन वर्षे पुढे फार उपयोगी पडली. कोणत्याही संस्थानाची सूत्रे हाती घेतल्यावर आधी हिशेब पाहण्याची त्यांची सवय याच काळातील असावी.

त्रावणकोरमधील सुरुवात

१८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे गादीवर आलेले आयिल्यम तिरुनाळ आणि विशाखम तिरुनाळ हे दोघेही त्यांचे विद्यार्थी होते. चार वर्षांनी ते संस्थानच्या महसूल खात्यात गेले आणि लवकरच दक्षिण विभागाचे दिवाण पेशकार झाले. पेशकाराचे पद दिवाणाच्या खालोखाल असले, तरी तहसीलदार व गावपातळीवरील कामगार यांच्याशी रोजचा संबंध पेशकाराचाच येत असे. राज्ययंत्रणेचा तळ कसा चालतो, हे माधवरावांनी येथे जवळून पाहिले.

त्या वेळी संस्थानची स्थिती बिकट होती. ब्रिटिशांना द्यावयाची वार्षिक खंडणी सुमारे ८ लाख रुपयांची होती आणि ती थकत असे. तिजोरी रिकामी असून मंदिराच्या भांडारातून कर्ज काढण्यापर्यंत पाळी आली होती. कारभारात रेसिडेंट जनरल कलन यांचा हस्तक्षेप मोठा होता. कारभार न सुधारल्यास संस्थान खालसा होऊ शकते, असा इशारा लॉर्ड डलहौसी यांच्या काळात, १८५५ मध्ये, मद्रास सरकारकरवी देण्यात आला. सातारा, झाशी व नागपूर यांचे उदाहरण ताजे असल्याने हा इशारा पोकळ मानण्याचे कारण नव्हते.

या दुरवस्थेची सर्वात जवळची झळ संस्थानच्या नोकरांना बसत होती. पगार तुटपुंजे असून तेही महिनोन्‌महिने थकत. पगार न मिळणारा कामगार आपली सोय रयतेकडून करून घेई. त्यामुळे रयत पिचून निघे आणि वसूल मात्र तिजोरीपर्यंत पूर्ण पोहोचत नसे. वसूल कमी आला की पगार पुन्हा थकत. हे चक्र कोठे तोडावयाचे, हा नव्या दिवाणापुढील खरा प्रश्न होता.

त्रावणकोरचे दिवाण

१८५७ मध्ये दिवाण कृष्णराव यांचे निधन झाले. उत्रादम तिरुनाळ महाराजांनी त्यांच्या जागी माधवरावांची निवड केली. तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते. आधी हंगामी स्वरूपात झालेली ही नेमणूक १८५८ मध्ये कायम करण्यात आली. १८६० मध्ये आयिल्यम तिरुनाळ गादीवर आले आणि शिक्षक व शिष्य हे दिवाण व राजा या नात्याने एकत्र काम करू लागले.

माधवरावांनी प्रथम व्यापाराकडे लक्ष वळवले. मिरीच्या खरेदी-विक्रीचा मक्ता सरकारकडे होता. उत्पादकाला सरकारी भावानेच माल द्यावा लागे, आणि त्या भावातही तोलणाऱ्यापासून नोंदणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा हात असे. १८६० मध्ये हा मक्ता रद्द करून त्याऐवजी निर्यात जकात बसवण्यात आली व पुढे तीही टप्प्याटप्प्याने कमी केली गेली. तंबाखूचा मक्ता हे उत्पन्नाचे मोठे साधन असल्याने तो सोडणे अधिक धाडसाचे होते. चोरटी आयात रोखण्यासाठी संस्थानला पहारेकऱ्यांचा मोठा ताफा बाळगावा लागे आणि या ताफ्याचा उपद्रव प्रवाशांपासून गृहस्थांपर्यंत सर्वांना होई. १८६३ मध्ये हा मक्ताही उठवून आयात जकात लागू करण्यात आली. १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान, त्रावणकोर व कोचीन यांच्यात व्यापारी करार होऊन सीमेवरील बहुतेक जकाती बंद झाल्या.

जमिनीच्या बाबतीत १८६५ ची पट्टम घोषणा सर्वात महत्त्वाची ठरली. सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना त्या जमिनीवर वंशपरंपरागत व हस्तांतरणीय मालकी हक्क मिळाला. १८६७ च्या घोषणेने खासगी जमीनदारांच्या, म्हणजे जन्मींच्या, कुळांना बेदखलीपासून संरक्षण दिले. याशिवाय अनेक किरकोळ कर रद्द झाले. त्यांतील बऱ्याच करांचे उत्पन्न नगण्य होते, परंतु प्रत्येक कर म्हणजे कोणातरी कामगाराला रयतेच्या दारात उभे राहण्याचे एक निमित्त होते. १८६३ पर्यंत संस्थानचे सर्व सार्वजनिक कर्ज फिटले. १८६६ मध्ये माधवरावांना के.सी.एस.आय. हा किताब मिळाला आणि इंग्रज अधिकारी त्रावणकोरचा उल्लेख आदर्श संस्थान असा करू लागले.

नोकरवर्गाची घडण

तिजोरीत पैसा येऊ लागताच माधवरावांनी त्याचा एक भाग पगारांकडे वळवला. न्यायखात्यातील वेतने सुधारण्यात आली आणि कायद्याचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तींना न्यायाधीशपदी नेमण्यात येऊ लागले. ब्रिटिश हिंदुस्थानातील दिवाणी कार्यपद्धतीच्या धर्तीवर संस्थानात कायदे लागू झाले. न्यायाधीशाने निकाल कसा लिहावा व अपील कोठे जावे हे ठरल्यामुळे न्यायाधीशालाही दरबारी दडपणापासून थोडे संरक्षण मिळाले. पुरेसे वेतन दिल्याखेरीज प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हा सरकारचाच अप्रामाणिकपणा आहे, असा त्यांचा रोख होता. तो त्यांनी उपदेशातून मांडण्याआधी अंदाजपत्रकातून मांडला, हे विशेष.

कामाची नोंद आणि तिची प्रसिद्धी हा दुसरा उपाय होता. माधवरावांच्या काळात संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल छापले जाऊ लागले. प्रत्येक खात्याने वर्षभरात काय केले, वसूल किती झाला, कोणते काम राहिले, याचा त्यांत तपशील असे. हे अहवाल मद्रास सरकारकडे जात असल्याने त्यांत स्वतःची बाजू रंगवून मांडण्याचा मोह होणे स्वाभाविक होते व त्यापासून ते सर्वस्वी मुक्त नाहीत. तरीही खातेप्रमुखाचे काम आकड्यांत मांडले जाणे आणि ते पुढील वर्षी मागील आकड्यांशी ताडून पाहणे ही संस्थानी कारभारात नवी गोष्ट होती. सरकारी राजपत्रामुळे नेमणुका व आदेश सर्वांना कळू लागले.

बांधकाम खाते १८६० मध्ये विल्यम बार्टन या अभियंत्याच्या हाताखाली संघटित झाले. रस्ते, पूल व कालवे यांबरोबर या खात्याचे सर्वात ठळक काम म्हणजे तिरुवनंतपुरम येथील हजूर कचेरीची इमारत. तिची कोनशिला १८६५ मध्ये बसली आणि १८६९ मध्ये काम पूर्ण झाले. राज्याच्या प्रमुख कचेऱ्या तेथे एका छताखाली आल्या. केरळ शासनाचे सचिवालय आजही याच इमारतीत आहे.

शिक्षण व सरकारी नोकरी यांची सांगडही याच काळात घट्ट झाली. तिरुवनंतपुरमच्या सरकारी इंग्रजी शाळेचे १८६६ मध्ये कॉलेजात रूपांतर झाले. तेथून बाहेर पडणारे तरुण कचेरीतील जागांकडे हक्काने पाहू लागले. या अपेक्षेचे पुढे काय झाले, ते खाली येईल.

राजा व दिवाण यांच्यातील सलोखा मात्र शेवटपर्यंत टिकला नाही. दरबारी कारस्थानांमुळे आयिल्यम तिरुनाळ यांचे मन कलुषित झाले आणि १८७२ मध्ये माधवरावांना पद सोडावे लागले. संस्थानने त्यांना निवृत्तिवेतन दिले. त्यांच्यानंतर ए. शेषय्या शास्त्री दिवाण झाले. हिंदुस्थानच्या अर्थकारणाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देण्यासाठी माधवरावांनी इंग्लंडला यावे, असा प्रयत्न याच सुमारास झाला. त्यांनी तो नाकारला.

इंदूर

१८७३ मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांच्या विनंतीवरून माधवराव इंदूरचे दिवाण झाले. तुकोजीराव स्वतः कारभारात बारकाईने लक्ष घालणारे, पैशाच्या बाबतीत दक्ष राज्यकर्ते होते. साहजिकच दिवाणाला मोकळीक कमी होती. फौजदारी कायद्याची संहिता तयार करण्याचे काम माधवरावांनी हाती घेतले, परंतु दोनच वर्षांत त्यांना बडोद्याला जावे लागले.

बडोदे

बडोद्यातील प्रसंग असाधारण होता. मल्हारराव गायकवाड यांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी वाढल्याने १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला होता. १८७४ मध्ये दादाभाई नवरोजी यांनी दिवाणपद स्वीकारून सुधारणेचा प्रयत्न केला. महाराजांचे सहकार्य व रेसिडेंटची सहानुभूती या दोहोंअभावी तो फसला. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून खटला चालला आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलास २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले. हेच सयाजीराव महाराज. ते सज्ञान होईपर्यंत कारभार पाहण्यासाठी माधवरावांची निवड झाली.

मल्हाररावांच्या काळात बडोद्यात इजाऱ्याची पद्धत रूढ होती. महालाचा वसूल गोळा करण्याचा हक्क बोली लावून इजारदाराला दिला जाई. इजाऱ्याची मुदत अनिश्चित असल्याने तो मिळेल तेवढे ओरबाडून घेई. सरकारी जागांसाठीही नजराणा द्यावा लागे. नजराणा देऊन जागा मिळवणारा आधी तो भरून काढण्याच्या मागे लागे, हे ओघानेच आले. शिबंदीचे पगार थकलेले होते आणि सरदार, सावकार, जवाहिरे यांच्या मागण्यांचा ढीग पडला होता.

माधवरावांनी इजारा व नजराणा या दोन्ही पद्धती मोडून काढल्या. राज्याचे कडी, बडोदे, नवसारी व अमरेली असे चार प्रांत करून प्रत्येकावर सुभा नेमला. महालाचा कारभार पगारी वहिवाटदाराकडे दिला आणि सर्व सुभ्यांवर सरसुभा ठेवला. प्रत्येक पदाचे काम, वेतन व वरिष्ठ कोण हे निश्चित झाले. थकलेल्या पगारांचा आणि जुन्या मागण्यांचा एकेक करून निकाल लावण्यात आला. जमिनीचा सारा अनेक ठिकाणी कमी केला गेला. न्यायालयांची उतरंड उभी राहिली आणि तिच्या शिरोभागी वरिष्ठ कोर्ट आले. या कामासाठी काझी शहाबुद्दीन, जनार्दन सखाराम गाडगीळ, पेस्तनजी जहांगीर यांसारखी माणसे जमवण्यात आली. निवडताना जात वा धर्म न पाहता अनुभव पाहिला गेला. परंतु यांतील बहुतेक जण बडोद्याबाहेरून आलेले होते, ही गोष्ट तेथील जुन्या मानकऱ्यांना व दरकदारांना खुपत राहिली. शाळा वाढल्या आणि १८८१ मध्ये बडोदे कॉलेज सुरू झाले. १८७७ च्या दिल्ली दरबारात माधवरावांना राजा हा किताब देण्यात आला.

राजपुत्रासाठी व्याख्याने

सयाजीरावांच्या शिक्षणाची मुख्य जबाबदारी एफ. ए. एच. इलियट यांच्याकडे होती. अधिकारग्रहणाचा दिवस जवळ आल्यावर, १८८१ मध्ये, माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने मुंबईत इंग्रजीत छापली गेली. तत्त्वज्ञानापेक्षा रोजच्या कामातील पेच हा त्यांचा विषय आहे. योग्य माणूस निवडून त्याला काम करू द्यावे, खातेप्रमुखाला डावलून त्याच्या हाताखालच्यांना परस्पर हुकूम देऊ नयेत, राजवाड्यातील खासगी नोकरांना सरकारी कामात ढवळाढवळ करू देऊ नये, कानावर आलेल्या चुगलीवरून कोणालाही काढू नये, न्यायालयाच्या कामात हात घालू नये, अशी त्यांची शिकवण आहे. त्रावणकोरमधून ज्या रीतीने त्यांना जावे लागले ती पाहता, चुगलखोरांविषयीचा भाग केवळ पुस्तकी नसावा.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले. तरुण महाराजांना स्वतःच्या पद्धतीने राज्य करावयाचे होते आणि अनुभवी दिवाणाला आपली घडी मोडलेली पाहवत नव्हती. १८८२ मध्ये माधवरावांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी काझी शहाबुद्दीन आले.

टीका

मीठ व अफू यांबाबत ब्रिटिशांशी केलेल्या व्यवहारांत माधवरावांनी बडोद्याचे हक्क सहजासहजी सोडले, असा आक्षेप घेतला जातो. आपल्या मालकाच्या वतीने तडजोड करणारा हा दिवाण मुळात ब्रिटिश सरकारने निवडलेला होता, हे या आक्षेपाचे मूळ आहे.

त्रावणकोरमधील टीका अधिक खोल जाते. नाडर स्त्रियांच्या वस्त्रप्रावरणाच्या प्रश्नावर १८५८ मध्ये त्यांनी जुन्या रूढीची बाजू घेतली होती. मद्रास सरकारचा दबाव आल्यावर जुलै १८५९ मध्ये अंगवस्त्राची परवानगी देणारी राजघोषणा झाली. नोकरवर्गाच्या बाबतीतही अशीच मर्यादा दिसते. सरकारी जागा वशिल्याऐवजी पात्रतेवर द्यावयाच्या हे तत्त्व त्यांनी रुजवले, परंतु वरच्या जागा मुख्यतः संस्थानाबाहेरून आलेल्या तमिळ व मराठी ब्राह्मणांकडेच राहिल्या. एळवा व अन्य जातींना सरकारी नोकरीची दारे बंदच होती. संस्थानच्याच शाळा-कॉलेजांतून शिकलेल्या पिढीला हे सहन होईना. जानेवारी १८९१ मध्ये दहा हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन महाराजा मूलम तिरुनाळ यांना सादर झाले. ‘मलयाळी मेमोरियल’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. आपल्याच राज्यात आपल्याला परके ठेवले जाते, ही त्यामागील भावना होती. १८९६ मध्ये डॉ. पल्पू यांच्या पुढाकाराने एळवा समाजाने स्वतंत्र निवेदन दिले.

उत्तरायुष्य

बडोदे सोडल्यावर माधवराव मद्रासला मैलापूर येथे राहिले. वाचन, वृत्तपत्रांतून टोपणनावाने लेखन आणि हर्बर्ट स्पेन्सरच्या ग्रंथांचा अभ्यास यांत त्यांचा वेळ जाई. स्त्रीशिक्षण व मुलींच्या विवाहाचे वय वाढवणे यांचा त्यांनी पुरस्कार केला. आफ्रिकेतील जर्मन वसाहतींविषयी लिहिलेली पुस्तिका त्यांनी थेट बिस्मार्कला पाठवली होती. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. परंतु पुढे मतभेद होऊन ते काँग्रेसपासून दूर झाले.

डिसेंबर १८९० मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र टी. आनंदराव हे पुढे म्हैसूरचे दिवाण झाले (१९०९–१९१२). तिरुवनंतपुरममध्ये सचिवालयासमोर माधवरावांचा पुतळा आहे आणि त्यावरून तो चौक स्टॅच्यू जंक्शन या नावाने ओळखला जातो. केरळमधील सरकारी कर्मचाऱ्यांचे मोर्चे व धरणी याच रस्त्यावर होतात.